उसाची वाट अडली तर कायदा काय सांगतो?



गळिताचा हंगाम जवळ आला की गट ऑफिसात तीन तक्रारी हमखास येतात. टोळी आली नाही, ही पहिली. तोडचिठ्ठी मिळाली नाही, ही दुसरी. तिसरी मात्र वेगळी असते : ऊस तोडीला आला, टोळी दारात उभी आहे, पण फडापर्यंत गाडी जायला वाट नाही. शेजाऱ्याने चर खोदला, काटे टाकले किंवा तार ओढली. पहिल्या दोन तक्रारींचा निकाल कारखान्यात लागतो. तिसरीचा लागत नाही, कारण दुसऱ्याच्या जमिनीतून गाडी नेण्याचा हुकूम देण्याचा अधिकार ना शेतकी अधिकाऱ्याला आहे, ना संचालक मंडळाला. तो अधिकार कायद्याने तहसीलदारांना दिलेला आहे. त्यांच्याकडे केव्हा आणि कसे जायचे, हे या लेखात आम्ही सांगत आहोत.

यात नुकसान कोणाचे होते ते बघा. तोडलेला ऊस बांधावर पडून राहिला की दिवसागणिक वजन घटते आणि साखरही घटते. तोडला नाही तर टोळी पुढच्या फडावर निघून जाते, खोडवा लांबतो, आणि पाण्याची पाळी चुकते ती वेगळीच.

आपल्या निफाड-दिंडोरी भागात या भांडणाला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे द्राक्षबाग. उसाची तोड आणि द्राक्षाची काढणी एकाच सुमाराला येते. ट्रॅक्टर-ट्रॉली गेली की धुरळा उडतो आणि तयार घडांवर बसतो. बागेचे ताण बांधापर्यंत आलेले असतात, ठिबकची नळी त्याच कडेने गेलेली असते. तेव्हा बागवाला नाही म्हणतो तो नेहमी आडमुठेपणानेच म्हणतो, असे समजू नये. त्याचेही वर्षाचे पीक पणाला लागलेले असते.

वाट आहे, पण अडवली

सर्वांत आधी स्वतःला एक प्रश्न विचारा : वाट पूर्वीपासून होती आणि आता अडवली, की वाट मुळात नव्हतीच? दोन्हींना कायदे वेगळे आहेत. चुकीच्या कायद्याखाली अर्ज केला तर हंगाम हातचा जातो.

चालू वहिवाटीची वाट कोणी बेकायदा अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 याचे कलम 5 लागू होते. कायदा इंग्रजांच्या वेळचा, म्हणून नावात मामलेदार. आज हे काम तहसीलदार करतात. शेताकडे जाणाऱ्या रस्त्यातील अडथळा काढून टाकण्याचा आणि पुन्हा अडथळा करू नये असा मनाईहुकूम देण्याचा अधिकार त्यांना आहे.

इथे एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. आपल्याकडे काय होते? पावसाळ्यात शेजारी चर मारतो. आपण म्हणतो, आता कुठं गाडी न्यायचीय, तोडीच्या वेळी बघू. जूनमध्ये पडलेला चर जानेवारीत टोळी आल्यावर आठवतो. तोवर मुदत संपलेली असते, आणि मग दिवाणी कोर्टाचा लांबचा रस्ता उरतो.

दाव्यात अडथळा कोणता, कोठे, कोणत्या तारखेला झाला, आणि कागद व साक्षीदार कोणते, हे स्पष्ट लिहावे लागते. तहसीलदार मुख्यतः दोनच गोष्टी तपासतात : अडथळा खरोखर केला का, आणि तो 6 महिन्यांच्या आतला आहे का. या निकालावर अपील नाही. फेरतपासणीचा अर्ज मात्र वरिष्ठ महसूल अधिकाऱ्यांकडे करता येतो.

वाट मुळात नाहीच

दुसरा प्रकार म्हणजे शेताला चारी बाजूंनी दुसऱ्यांची शेते आणि बाहेर पडायला वाटच नाही. इथे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 143 उपयोगी पडते. या कलमाखाली तहसीलदार दुसऱ्या सर्व्हे नंबरांच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, वाट देऊ शकतात. ‘हद्दीवरून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जवळ पडते म्हणून शेजाऱ्याच्या रानातून मधोमध वाट मागितली तर ती या कलमाने मिळत नाही. शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्याची वाजवी गरज किती, हे तहसीलदारांनी पाहायचे असते. त्यामुळे दुसरीकडून वापरता येण्याजोगी वाट असताना केवळ हेलपाटा वाचावा म्हणून अर्ज करण्यात अर्थ नाही.

अर्जासोबत आपला आणि ज्यांच्या बांधावरून वाट हवी त्यांचे सातबारा उतारे, गावनकाशाची नक्कल आणि हाताने काढलेला कच्चा नकाशा जोडावा. मोजणी झाली असेल तर तिचा नकाशाही द्यावा. ज्यांच्या हद्दीवरून वाट मागायची त्या सर्वांना सामनेवाले करावे. एखादे नाव राहिले तर तेवढ्यावरूनच प्रकरण पुन्हा मागे येते. निकाल मान्य नसेल तर 1 वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो.

शेजाऱ्याचे काय जाते, त्याचाही हिशेब करू. वाट 10 फूट रुंद आणि 660 फूट लांब धरली तर क्षेत्र होते 6,600 चौरस फूट. एक गुंठा 1,089 चौरस फुटांचा, म्हणजे साधारण 6 गुंठे. बांधाच्या दोन्ही अंगांनी निम्मे-निम्मे घेतले तर प्रत्येकी 3 गुंठे. बागायतीत 3 गुंठे म्हणजे थोडे नव्हे. म्हणून मागणी करताना गरजेपुरतीच करावी.

एकदा गाडी गेली म्हणजे वाट पडली का?

गावात बहुतेक भांडणे या एका समजुतीपोटी होतात. शेजारी म्हणतो, ‘यंदा गाडी जाऊ दिली तर कायमचीच वाट पडंल.’ या भीतीने तो भला माणूस असूनही तार ओढतो.

खरे काय आहे? भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 प्रमाणे वहिवाटीने हक्क मिळायला 20 वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून वापर व्हावा लागतो. ‘हक्क म्हणून’ याचा अर्थ परवानगी घेऊन नव्हे. शेजाऱ्याला विचारून, त्याच्या मेहेरबानीने कितीही वर्षे गाडी नेली तरी त्यातून हक्क तयार होत नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे. तोडीपुरती वाट हवी असेल तर साध्या भाषेत लेखी करून घ्या : कोणत्या गट नंबरातून, कोणत्या तारखेपर्यंत, बैलगाडी की ट्रॅक्टर, धुरळा बसावा म्हणून पाणी कोण मारणार, ठिबकची नळी तुटली तर भरपाई किती, आणि ही परवानगी याच हंगामापुरती आहे. दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. या कागदाने बागवाल्याची भीती जाते आणि आपला ऊस काट्यावर पोचतो. कायम हक्क हवा असेल तर मात्र तो नोंदणीकृत दस्ताने घ्यावा, तोंडी शब्दावर राहू नये.

वाटणीच्या वेळी चुकू नका

उद्याच्या वाटा आज आपणच घरात बंद करतो. दोन भावांत वाटणी होते, रस्त्याकडचा तुकडा एकाला, ओढ्याकडचा दुसऱ्याला. भाऊ-भाऊ आहेत तोवर गाडी जाते. पुतण्यांच्या पिढीत बांध कोरला जातो आणि तार येते. शक्य असेल तर दोन्ही हिश्श्यांचे तोंड रस्त्याला लागेल अशी वाटणी करा. तसे जमत नसेल तर वाटेची लांबी-रुंदी आणि दिशा वाटणीपत्रात लिहा. जमीन घेतानाही खरेदीखतात चतुःसीमा वाचून थांबू नका. वाट कोठून, ते लिहून घ्या.

2025 च्या मे महिन्यात महसूल खात्याने शासन निर्णय काढून शेतरस्ता किमान 3 ते 4 मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यावी, असे सांगितले आहे. तेव्हा तहसीलदारांचा आदेश हातात आला की काम संपले असे मानू नका. तलाठ्याकडे आदेशाची नक्कल देऊन नोंद घ्यायला लावा.

दसऱ्याआधी एवढे करा

गावनकाशा काढून पाहा. त्यावर गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखवलेली असते. आपली वाट नकाशावर असेल तर निम्मे काम झाले. नंतर प्रत्यक्ष फडापर्यंत चालत जाऊन वाट बघा. पावसाळ्यात काही चर, बांध किंवा तार नवी आली असेल तर तारीख लिहून ठेवा आणि फोटो काढा, कारण 6 महिने तिथून मोजायचे आहेत. आधी शेजाऱ्याशी बोला, पोलीस पाटील किंवा गावातले एखादे जाणते माणूस मध्ये घ्या. नाहीच जमले तर वकिलाचा सल्ला घेऊन तहसील कचेरीत जा. स्वतः जेसीबी लावून चर बुजवू नका; वाटेचा दावा बाजूला राहील आणि फौजदारी अंगावर येईल.

उसाची नोंद देताना क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख आपण सांगतो. त्याबरोबर गाडी कोणत्या बाजूने लागणार आणि वाटेची काही अडचण आहे का, हेही गट ऑफिसात सांगावे. म्हणजे तोडीचा कार्यक्रम लावताना ती अडचण आधीच ध्यानात राहील.