फेरेटला उपाशी ठेवू नकोस

बाळ, काल फोनवर म्हणालीस, "मावशी, त्याचं पोट बिघडलंय, म्हणून आज खायला काही घातलंच नाही." तेव्हा मी घाईघाईने सांगितलं की आधी त्याच्यापुढे अन्न ठेव. आता नीट लिहिते, आणि हे कागदावर उतरवून स्वयंपाकघरात लाव.

आपल्या घरांत पोट बिघडलं की एक वेळ लंघन, मग मऊ भात आणि ताक. माणसाला ते मानवतं. फेरेट हा पाणमांजराच्या कुळातला, निव्वळ मांसावर जगणारा जीव. त्याचं आतडं आखूड. धान्याचे, भाज्यांचे तंतू जिथे आंबतात ती मोठ्या आतड्याच्या तोंडाची पिशवी त्याला नाहीच. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं, म्हणून तो दिवसाकाठी आठ-दहा वेळा थोडं थोडं खातो. अशा जिवाला दिवसभर उपाशी ठेवलं की रक्तातली साखर उतरते, अंगातलं पाणी जातं, आणि किलोभर वजनाच्या प्राण्याकडे शिल्लक अशी काही नसतेच. ताक, दही, भात, इसबगोल, ओव्याचं पाणी यांतलं काहीही त्याला देऊ नकोस.

इकडे यॉर्कशायरमध्ये सशांच्या शिकारीसाठी फेरेट पाळायची जुनी रीत आहे. आमच्या गल्लीत कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले एक आजोबा होते, त्यांच्या मागच्या अंगणात पिंजरे असत. दुधात भिजवलेला पाव घालायची चाल त्यांच्या वडिलांच्या पिढीत सर्रास होती. त्या खाण्याने फेरेटला सतत पातळ शी होई आणि लोकांना वाटे, याची शी अशीच असते. आजोबांनी ती चाल मोडली आणि अख्खं मांस घालू लागले. मला त्यांनी दिलेला पहिला धडा असा: सकाळी उठल्यावर आधी ट्रे बघायचा, मग प्राणी बघायचा.

ट्रे बघायचा म्हणजे काय ते सांगते. चांगली शी तपकिरी, मऊ, पण आकार धरलेली असते. हिरवट आणि बुळबुळीत दिसली तर अन्न नीट न पचता भराभर पुढे सरकतंय किंवा तो जेवलेलाच नाही. बाजरीचे दाणे मिसळल्यासारखी रवाळ दिसली तर स्निग्धांश अंगी लागत नाही, आतड्याचं अस्तर सुजलेलं आहे. काळी, डांबरासारखी चिकट शी म्हणजे जठरात किंवा वरच्या आतड्यात रक्तस्राव. तिथे घरचे उपाय बंद, त्याच दिवशी दवाखाना. शी दोऱ्यासारखी बारीक होत गेली किंवा थांबलीच, आणि तो मलूल पडून राहिला, तर आत काहीतरी अडकलंय असं धरून चाल. एखाद्या वेळची हिरवी शी, खाणंपिणं आणि दंगा चालू असताना, हे घाबरण्यासारखं नाही. पण ती दुसऱ्या दिवशीही दिसली तर डॉक्टरांना फोन कर.

मग तोंड. फेरेटला मळमळलं तर तो दर वेळी ओकतोच असं नाही. दात करकर वाजवतो, लाळ गाळतो, पुढच्या पंजांनी तोंड खरवडतो. ही तिन्ही लक्षणं ओळखायला शीक. बऱ्याच फेरेटच्या जठरात हेलिकोबॅक्टर मस्टेली नावाचा जिवाणू मुक्काम करून असतो. एरवी तो गप्प असतो; नवं घर, प्रवास, दुसरं आजारपण अशा ताणात तो डोकं वर काढतो आणि जठराला व्रण पडतात. त्यावर दोन-तीन आठवडे एकापेक्षा जास्त औषधं चालतात. चार दिवसांत बरं दिसलं म्हणून मधेच सोडलीस तर दुखणं उलटतं.

आता खाण्याचं. आजारी फेरेटसाठी इथले पाळणारे एक लापशी करतात. त्याच्या नेहमीच्या कोरड्या खाद्याचे दाणे कोमट पाण्यात भिजवून मऊ लगदा करायचा, त्यात शिजवलेल्या कोंबडीचा बारीक वाटलेला खिमा. कांदा, लसूण, मीठ, मसाला अजिबात नाही. कोमट असतानाच दे, कारण वासाने त्याची भूक जागी होते. आधी बोटावर घेऊन चाटव. नाहीच घेतलं तर टॉवेलात गुंडाळून मांडीवर घे आणि सुईविना सिरिंजने तोंडाच्या कडेला थेंब थेंब सोड, प्रत्येक घोट गिळू दे. घाईने ढकललंस तर अन्न श्वासनळीत जातं. दर तीन-चार तासांनी, रात्रीही गजर लावून. मात्र आत काही अडकल्याची शंका असेल तर सिरिंजला हात लावू नकोस, सरळ दवाखाना गाठ.

पाण्यासाठी बाटलीपेक्षा जड वाडगा बरा, त्यातून ते जास्त पितात. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोड. ती लगेच बसली नाही किंवा हिरड्या चिकट लागल्या तर पाणी कमी पडलंय, आणि ते भरून काढायला सलाईन लागतं. पोटाचं दुखणं नसतानाही दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करून वहीत लिही. हिवाळ्यात ते थोडं वाढतं, उन्हाळ्यात उतरतं, हे नेहमीचंच. आठवड्यात एकदम घसरलं तर ते दुखणं.

चार-पाच वर्षांच्या पुढच्या फेरेटमध्ये आणखी एक गोष्ट पोटदुखीच्या वेषात येते. लाळ, तोंड खरवडणं, शून्यात बघत राहणं आणि मागचे पाय लुळे पडणं. हे बहुधा स्वादुपिंडातल्या गाठीमुळे साखर उतरल्याचं लक्षण. शुद्धीत असेल तर हिरड्यांवर मधाचं बोट फिरव, सावरला की लगेच मांस खाऊ घाल आणि डॉक्टरांकडे ने. झटके चालू असताना तोंडात बोट घालू नकोस, कडकडून चावेल.

घरात रबर, फोम, चपलेचे तळवे, रिमोटची बटणं, कानात घालायचे बोळे यांतलं काही त्याच्या दाताला लागू देऊ नकोस. लहान वयाच्या फेरेटच्या पोटात यांचेच तुकडे अडकतात आणि बहुतेक वेळा पोट फाडूनच काढावे लागतात. म्हाताऱ्या फेरेटमध्ये स्वतःच्याच केसांचा गोळा होतो, म्हणून केस गळतीच्या दिवसांत रोज विंचर.

दुसरा फेरेट आणायचा विचार आहे म्हणालीस. आणलास तर निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेव आणि एकाकडून दुसऱ्याकडे हात धुऊनच जा. १९९३ मध्ये अमेरिकेच्या पूर्वेकडच्या भागात हिरव्या बुळबुळीत जुलाबांची एक साथ पहिल्यांदा ध्यानात आली. ती एका कोरोना विषाणूची. तरुण फेरेट तो विषाणू घेऊन हिंडतात आणि त्यांना काही होत नाही. घरातला जुना फेरेट दोन-तीन दिवसांत आडवा होतो.

पुण्याहून आई-बाबा येतील तेव्हा त्यांना पहिल्याच दिवशी प्रेमाने सांग. ते हातातला पोळीचा तुकडा, बेदाणा, शंकरपाळी, चमचाभर दूध त्याला लाडाने देणार. यांतलं त्याला काहीच पचत नाही, आणि गोडाने तर स्वादुपिंडावर भार पडतो. तळहातावर उकडलेल्या कोंबडीचा कण ठेवायला सांग, त्यांचीही हौस भागेल. आणि घरातल्या औषधांचा डबा कुलपात ठेव. आयबुप्रोफेनची एक गोळी फेरेटचा जीव घेऊ शकते. पॅरासिटामॉलही तितकीच वर्ज्य.

दवाखान्यात जाताना ताजी शी स्वच्छ पिशवीत घेऊन जा, वजनाची वही ने. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर फेरेट जाणतोच असं नाही, म्हणून आधी फोनवर विचार. शस्त्रक्रियेआधी रात्रभर उपाशी ठेवा असं कुणी सांगितलं तर नम्रपणे, पण ठामपणे सांग की फेरेटला तीन-चार तासांपेक्षा जास्त उपास नको. त्याच्या वतीने बोलणारी तू एकटीच आहेस.

फेरेट जाणणारा आणि रात्री उघडा असणारा दवाखाना तुझ्या घरापासून किती लांब आहे, हे आजच शोध. त्याचा नंबर फ्रीजवर चिकटव आणि मलाही पाठव.