अशुद्ध व शोधित वत्सनाभ : प्रोबिट विश्लेषणातील तुलना

वत्सनाभाचे शोधन गोमूत्रात तसेच गोदुग्धात करण्याचे विधी परंपरेत आहेत. शोधनाने ॲकोनिटिनाचे विघटन होऊन अल्पविषारी द्रव्ये उरतात, हे आधुनिक रसायनशास्त्रासही मान्य आहे. प्रश्न उरतो तो विषाक्तता किती पटीने घटली याचा. नाशिक येथे १९९८ साली आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यापासून प्रबंधांत संख्याशास्त्राचा आग्रह वाढला. म्हणून या तुलनेविषयी आम्ही येथे लिहीत आहोत.

ब्लिस यांनी १९३४ साली मांडलेल्या प्रोबिट पद्धतीत मात्रेचा लॉग घेतला, की मात्रा व परिणाम यांची वक्ररेषा बहुधा सरळ होते. एसपीएसएसमध्ये मात्रा, एकूण प्राणी, बाधित प्राणी व गट असे चार स्तंभ भरावेत, गटास ‘फॅक्टर’ म्हणून नेमावे आणि समांतरता चाचणी अवश्य मागवावी. बहुतेक अभ्यासक येथेच घाई करतात व दोन्ही गटांच्या मध्यम मारक मात्रांचा भागाकार करून मोकळे होतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अशुद्ध द्रव्याची मध्यम मारक मात्रा १० मि.ग्रॅ., शोधिताची ४०. म्हणजे शोधित चौपट निर्धोक! परंतु पहिल्या रेषेचा उतार ४ व दुसरीचा २ असेल, तर शंभरात एक प्राणी दगावण्याची मात्रा अनुक्रमे सुमारे २.६ व २.७ मि.ग्रॅ. येते. चिकित्सकास ज्या अल्प मात्रेशी कर्तव्य आहे, तेथे फरक जवळजवळ नाहीच. रेषा समांतर नसतील तर ‘चौपट’ हा शब्द लेबलावर वा माहितीपत्रकात येऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

समांतरता चाचणीचे पी मूल्य ०.०५ पेक्षा कमी आल्यास रेषा भिन्न उताराच्या मानाव्यात. अधिक आल्यास सापेक्ष क्षमता व तिच्या विश्वासमर्यादा पाहाव्यात. त्या मर्यादांत १ हा अंक येत असेल तर फरक सिद्ध झाला नाही. प्राणी थोडे असल्यास मात्र ही चाचणी दुबळी ठरते, मोठ्या पी मूल्याने समांतरता सिद्ध होत नाही. मारक मात्रेची जुनी प्राणिचाचणी ओईसीडीने २००२ साली मागे घेतली असल्याने आता असे आकडे बहुधा जुन्या प्रबंधांतूनच हाती येतात. ते वाचताना दोन्ही उतार दिले आहेत काय, हे प्रथम पाहावे.