टिकाऊ लाकडी खिडकी : लाकूड आणि हत्यारांची निवड

ओल्या लाकडाची खिडकी पहिल्याच उन्हाळ्यात आकसते आणि तिचे सांधे ढिले पडतात. पावसाळ्यात त्या फटींतून पाणी शिरते, झडप फुगते व चौकटीत अडते. मग तिची कड तासून घेतली जाते आणि पुढच्या उन्हाळ्यात तासलेल्या जागी नवी फट दिसू लागते. घर बांधताना अनेकांची आयुष्यभराची पुंजी खर्ची पडते. म्हणूनच खिडकी घडविण्याआधी लाकडाची पारख करणे अगत्याचे ठरते.

लाकडाची पारख

खिडकीसाठी सागवान श्रेष्ठ मानले जाते. त्यात नैसर्गिक तेलांश असतो, त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि ते हवामानानुसार फारसे आकसत-फुगत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीच्या जंगलातील सागवान प्रसिद्ध आहे. कोकणात फणसाचे लाकूडही वापरले जाते. मात्र सारेच सागवान टिकाऊ असते, हा समज चुकीचा आहे. गाभ्याचे सोनेरी-तपकिरी लाकूड टिकते; सालीलगतचे फिकट लाकूड लवकर किडते. ज्याच्या रेषा सरळ आहेत व ज्यात भेगा आणि पीळ नाहीत, असाच नग निवडावा.

खिडकीच्या लाकडात सुमारे १२ टक्के ओलावा असावा. दमट प्रदेशात तो थोडा अधिक चालतो. तो मोजण्यासाठी नगाच्या मधल्या भागातून लहान तुकडा कापून तोलावा आणि वजन घटणे थांबेपर्यंत भट्टीत वाळवावा. ५६ ग्रॅमचा तुकडा ५० ग्रॅम भरला, तर उडालेले ६ ग्रॅम पाणी म्हणजे कोरड्या वजनाच्या १२ टक्के ओलावा होय. फळ्या छपराखाली, जमिनीपासून उंच आणि मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचल्यास त्या सर्व बाजूंनी वाळतात.

हत्यारे आणि सांधा

करवत, रंधा, गुण्या, पटाशी आणि लाकडी हातोडा ही मोजकीच हत्यारे घ्यावीत, पण ती चांगली असावीत. गुण्या सरळ कडेला टेकवून रेघ ओढावी, मग तो उलटवून त्याच बिंदूतून पुन्हा ओढावी. दोन्ही रेघा एकमेकींवर आल्या, तरच काटकोन खरा. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, चेपते. म्हणून धार लावण्याचा दगड नेहमी जवळ असावा.

झडपेच्या सांध्यात कुसवाची जाडी लाकडाच्या एकतृतीयांश ठेवतात. ३६ मिलिमीटर जाडीच्या लाकडाला १२ मिलिमीटरचे कुसू काढावे आणि त्याची खाच १२ मिलिमीटरच्याच पटाशीने पाडावी. सांधा पक्का करण्यापूर्वी झडपेचे दोन्ही कर्ण मोजावेत; ते समान नसल्यास झडप तिरकी आहे असे समजावे.

पावसापासून बचाव

चौकट व झडप यांत २ ते ३ मिलिमीटर मोकळीक ठेवावी. चौकटीच्या खालच्या लाकडाला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा आणि भिंतीला टेकणाऱ्या भागाला डांबर लावावे. लाकडाची कापलेली टोके सर्वाधिक पाणी शोषतात. म्हणून रंगाचा पहिला हात खिडकी बसविण्यापूर्वी, टोकांसह सर्व बाजूंना द्यावा.

खिडकीचे काम ठरविताना घरमालकाने दर विचारण्याआधी लाकूड केव्हा कापले व किती दिवस वाळवले, हे विचारावे. वाळवण्यात गेलेले महिने पुढे कित्येक पावसाळ्यांच्या दुरुस्त्या वाचवितात.