घर हीच शाळा होते तेव्हा

ज्ञानेश्वरांनी उद्विग्न होऊन कुटीची ताटी लावून घेतली असता मुक्ताबाईंनी त्यांना ती उघडण्याची विनवणी केली, अशी परंपरागत कथा आहे. त्याच मुक्ताबाईंचे नाव धारण करणाऱ्या मुक्ताईनगरात, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादेत, राज्यातील इतर गावांप्रमाणेच मार्च २०२० मध्ये शाळांची दारे बंद झाली. शिक्षकांच्या घराचे दार मात्र दिवसभर उघडे राहिले.

दूरस्थ अध्यापनासाठी साधने उपलब्ध होती. 'दीक्षा' ॲपवर पाठ होते. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. केंद्र शासनाच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिकांची मर्यादा सुचविली. ही मर्यादा विद्यार्थ्यांसाठी होती. शिक्षकांच्या दिवसाला अशी मर्यादा नव्हती. केळीच्या बागेत कामावर गेलेल्या पालकाबरोबर घरातील एकुलता फोनही जातो. तो सायंकाळी परतला की अभ्यासाच्या शंका सुरू होतात. आणि नेमकी तीच शिक्षिकेच्या घरी स्वयंपाकाची वेळ असते.

हा भार सर्वांवर सारखा पडला नाही. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. शाळा घरात आली, परंतु घरकाम घराबाहेर गेले नाही. दुसऱ्यांची मुले शिकविताना स्वतःचे मूल पदराशी तिष्ठत राहिले, ही खंत अनेक शिक्षिकांच्या मनात आहे.

ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले. तथापि पूर, साथ वा अन्य आपत्तीमुळे शाळा बंद ठेवण्याचा प्रसंग पुन्हा येऊ शकतो. त्या दृष्टीने काही गोष्टी आताच ठरविणे इष्ट ठरेल. मुख्याध्यापकांनी शंकानिरसनाची एक वेळ निश्चित करून पालकांना कळवावी. अधिकाऱ्यांनी माहिती मागविताना रात्रीचे निरोप टाळावेत आणि तीच माहिती दोनदा मागवू नये. सुरक्षित अंतर राखणे शक्य असेल तेथे ग्रामपंचायतीने समाजमंदिरातील एक खोली अध्यापनासाठी मोकळी करून द्यावी. घरातील पुरुषांनी पाठाच्या वेळी चूल व मुले सांभाळावीत. ती मदत नव्हे, वाटणी होय.

शिक्षकाने ठरल्या वेळी फोन बाजूला ठेवला, तर ती कर्तव्यातील कसूर समजू नये. विद्यार्थ्यांसाठी उघडलेले दार सायंकाळी घरच्यांसाठी लोटून घेण्याचा अधिकार त्यालाही असला पाहिजे.