विजनात ऐकू येणारा शब्द आणि जीवाचे स्वरूप

विजनास बसणाऱ्या एका तरुण साधकाचे पत्र आले आहे. तो लिहितो की, एकांतात नामस्मरण चालले असता कोणी तरी आपले नाव घेऊन हाक मारते; कधी पुढे काय करावे तेही सांगते; डोळे उघडून पाहावे तर आसपास कोणी नसते. हा शब्द परमेश्वराचा समजावा काय, आणि नसेल तर आत बोलणारा कोण, असा त्याचा प्रश्न आहे. एकट्यासाठी उत्तर लिहून टपालात टाकता आले असते. परंतु पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे, त्यासाठी हा लेख. 'शब्द ऐकू येऊ लागल्यापासून मी मार्गात कोणाला काही विचारीत नाही,' असे ते वाक्य आहे.

'आतला आवाज ऐका, तोच देव' हे वचन आज फार सवंग झाले आहे. ते व्यासपीठांवरून ऐकू येते आणि भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या सुविचारांतही भेटते. जीव आणि ब्रह्म मुळात एकच मानणाऱ्यांना असे बोलणे एक वेळ सोपे जाईल. यद्यपि मनात उठेल तो शब्द ब्रह्माचा, असे त्यांचेही आचार्य म्हणणार नाहीत. आपल्या ब्रह्मविद्याशास्त्रात तर ती वाटच नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. जीव बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त, आणि प्रपंच कार्यरूपाने अनित्य. हे आपण अनुसरणाच्या पहिल्या वर्षीच पाठ करतो, आणि पाठ झाले या समाधानात त्याचा उपयोग करावयाचा राहून जातो.

उपयोग येथे आहे. जीवाचा उद्धार झाला तरी जीव परमेश्वर होत नाही. मग अविद्येने झाकलेल्या जीवाच्या अंतरी जे उमटेल ते केवळ अंतरी उमटले म्हणून परमेश्वराचे कसे ठरेल? आणि 'आत' म्हणजे तरी कोठे? मन, बुद्धी, इंद्रिये ही सर्व प्रपंचाच्या पदरची आहेत. डोळ्यांपुढचे झाड जसे प्रपंच, तशी डोळे मिटल्यावर दिसणारी झाडाची आकृतीही प्रपंचच. पोटात गुडगुडते तेही आतच असते. त्याला कोणी देववाणी म्हणत नाही. शब्द आतून आला की बाहेरून, हा भेद देहाच्या मोजमापाचा आहे. शास्त्राला विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : हा शब्द चौघांपैकी कोणत्या पदार्थाचा?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी आपल्याला परमेश्वराचा शब्द कसा मिळाला ते आठवावे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपण केले ते माणसांच्या कानांनी ऐकले. ते मराठीत होते, वाटेवर, मढात, भोजनाच्या वेळी, पुष्कळांच्या देखत होते. बाइसा, महदाइसा, भटोबास यांनी ते ऐकले, काही ठिकाणी त्यावर प्रश्न विचारले, काही वेळा त्यांना ते उमगलेही नाही. स्वामींचे उत्तरापंथे गमन झाल्यावर असन्निधानाचा काळ आला. त्या काळात श्रीनागदेवाचार्यांनी काय केले? परंपरा सांगते की, रिद्धपुरी ते एकांतात काही पुटपुटत असत. म्हाइंभटांनी विचारले, तेव्हा आपण स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत आहोत असे त्यांनी सांगितले. त्या विजनात नवा शब्द येत नव्हता. प्रत्यक्ष पाहिलेले आणि ऐकलेले परत आठवले जात होते.

त्यानंतर म्हाइंभटांनी जे केले ते आपल्या प्रश्नाला फार जवळचे आहे. भटोबासांसारख्या आचार्यांनी सांगितले म्हणून ते थांबले नाहीत. ज्या भक्ताच्या देखत जी लीळा झाली, त्याच्याकडे जाऊन त्यांनी ती विचारली. पुढे परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची पोथी गेली आणि स्मरणातून पुन्हा संहिता उभी करावी लागली, तेव्हा दोन वृद्धांच्या आठवणीत फरक आढळला तर दोन्ही पाठ नोंदवले गेले. 'वासना' या नावाने ते पाठभेद पोथ्यांत आजही आहेत. एखाद्या महंताने डोळे मिटून 'मला आतून कळले, हाच पाठ खरा' असे म्हटले असते तर काम किती सोपे झाले असते! ते कोणी केले नाही. साक्षात सन्निधानातील लोकांनीही आपल्या आठवणीवर साक्ष मागितली, आणि आपण आपल्या कानातील एका हाकेवर साक्ष मागण्यास संकोच करतो. केशिराजबासांनी त्यांतूनच वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. असन्निधानी साधकाला परमेश्वराचा शब्द हवा असेल तर तो तेथे आहे, सर्वांसमोर उघडा आहे, आणि त्याचा अर्थ चुकला तर सांगणारे आचार्य आहेत.

मग विजनात बोलते ते काय? त्यासाठी स्वतःच्या अनुभवाचा एक दृष्टांत देतो. पस्तीसेक वर्षांपूर्वी वऱ्हाडातील एका खेड्यात भिक्षेला गेलो होतो. एका दाराशी उभा राहिलो, तो आतून बाईमाणसाचा स्पष्ट शब्द आला : 'थांबा बाबा, आणते.' मी थांबलो. बराच वेळ झाला, कोणी येईना. पुन्हा तोच शब्द, तीच लकब. ऊन चढले. अखेर शेजारची म्हातारी हसत म्हणाली, 'बाबा, घरचे सगळे वावरात गेले. तो राघू आहे.' ओसरीच्या आढ्याला पिंजरा टांगलेला होता. घरची बाई रोज भिक्षुकाला जे म्हणत असे, ते त्या पाखराने तिच्याच आवाजात उचलले होते.

याचा दार्ष्टान्तिक असा. शब्द खरा होता. माझ्या कानांना भ्रम झाला नव्हता. आवाज बाईचा होता. केवळ बोलणारी बाई तेथे नव्हती, आणि त्या शब्दामागे भिक्षा घालणारा हात नव्हता. मन हे असे पाखरू आहे. आई, गुरू, शिक्षक, धाक घालणारा थोरला भाऊ, ज्यांनी ज्यांनी त्याच्याशी बोलणे केले त्यांचे शब्द ते राखून ठेवते, आणि घर रिकामे झाले की बोलू लागते. विजन म्हणजे घर रिकामे करणेच होय. म्हणून विजनात ते ऐकू येते, बाजारात येत नाही. हाक ऐकणाऱ्याने स्वतःस खोटारडा समजू नये, वेडा समजू नये आणि अधिकारी पुरुषही समजू नये.

अलीकडच्या अभ्यासातही याला पुष्टी देणारे काही आढळते. टी. एम. लुहर्मन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाई आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मनोविकारामुळे आवाज ऐकू येणाऱ्या साठ रुग्णांशी ते बोलले : वीस अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, वीस घानातील आक्रा येथे आणि वीस आपल्या चेन्नईत. कॅलिफोर्नियातील रुग्णांना बहुधा अनोळखी, क्रूर आवाज ऐकू येत. आक्रा येथे अनेकांनी तो देवाचा शब्द म्हणून सांगितला. चेन्नईत पुष्कळांना नात्यातील माणसांचा आवाज येई, आणि तो घरातली कामे सांगे, रागावे, सल्ला देई. एकच व्याधी, पण ज्या घरात मन वाढले त्या घराची भाषा ती बोलते. शब्दाने कोणाचे वस्त्र पांघरले आहे यावरून तो कोणाचा हे ठरत नाही, एवढे त्यातून आपल्याला घेता येते. आपल्या पंथातल्या साधकाच्या कानी येणारा शब्द पंचकृष्णांचे नाव घेऊन येईल, यात आश्चर्य कसले?

आता देवतांविषयी. देवतांच्या शक्ती आपले शास्त्र नाकारीत नाही. परंतु येथे फार मोठा गोंधळ होतो. शब्द परमेश्वराचा नाही असे म्हटले की लोक लगेच 'मग संचार असेल' या टोकाला जातात. अशी बाधा झालेली म्हणून माणसे आपल्या स्थानांवर आणली जातात; भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव त्यासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. येणाऱ्या दुःखिताला स्थानाचा आधार वाटतो, त्याच्याबरोबर आई किंवा पत्नी महिनोन्‌महिने राहते, रोज वंदनाला बसते, हे आम्ही पाहिले आहे आणि त्याला हलके लेखणार नाही. पण देवता नित्यबद्ध आहेत. त्या जीवाला कर्मफळ भोगवितील, सोडविणार नाहीत. तेव्हा शब्द खरोखर देवतेचा असला तरीही साधकाने त्याची आज्ञा पाळण्याचे कारण उरत नाही. उलट अनन्यता मोडते. म्हणजे प्रपंचाचा असो की देवतेचा असो, आचरणापुरता निर्णय एकच. मग कोणत्या देवतेचा म्हणून दिवसचे दिवस तर्क करीत बसण्यात काय अर्थ? दृष्टांतपाठातील जात्यंधांनी हत्तीचा एकेक अवयव चाचपून पूर्ण हत्ती सांगितला. येथे तर हत्तीचा पत्ता नाही आणि वाद मात्र चालू आहे. अशा दुःखिताला दोरीने, साखळीने बांधून ठेवणे हे तर पातक आहे आणि गुन्हाही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीत ठेवणे स्पष्टपणे निषिद्ध केले आहे.

हे सर्व आज लिहितो, पण एके काळी मला हे कळले नव्हते. काही वर्षांपूर्वी आमच्या सांगाती एक तरुण अनुसरलेला होता. पाठ उत्तम, स्वभाव मऊ. विजनात त्याला मृत आजीचा आवाज येऊ लागला. आधी तो प्रेमाने हाक मारी. मग म्हणू लागला, 'आज जेवू नको.' मग म्हणू लागला, 'निजू नको, निजलास तर मी जाईन.' त्याने हे मला सांगितले. मी काय म्हणालो? 'नामस्मरण वाढव, दादा. विकल्प आपोआप गळेल.' सांगताना माझ्या मनात थोडे कौतुकही होते, हे लपवीत नाही. आश्रमातली काही मंडळी तर त्याच्याकडे आदराने पाहू लागली. अकराव्या दिवशी तो विहिरीच्या काठावर बसलेला सापडला. कोणी सांगितले म्हणून तेथे बसला, हे त्याने पुढे कितीतरी दिवसांनी सांगितले.

माझी चूक शास्त्र न जाणण्याची नव्हती, जाणलेले शास्त्र न लावण्याची होती. अटन, विजन, भिक्षा, भोजन, निद्रा हा आपला नित्याचा क्रम. यांतील पहिली तीन आपण परमार्थाची समजतो आणि शेवटची दोन देहाची म्हणून गौण धरतो. परंतु पाचही एकाच माळेत ओवलेली आहेत. जो शब्द भोजन आणि निद्रा बंद करावयास सांगतो, तो आचाराच्याच विरुद्ध बोलतो. तेवढ्यावरूनच तो ओळखता आला असता. आणि उपास, जागरण, ज्वर, शोक यांनी असे शब्द वाढतात, हे कोणताही वैद्य सांगेल. मी स्मरण वाढव म्हणालो, त्याने रात्री जागून वाढविले. आगीवर मीच काडी टाकली. आजारी सांगात्याला वैद्याकडे नेण्याऐवजी त्याला उपदेश करणे हे कोणत्या आचारात बसते?

पुढे त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. औषध चालू झाले, झोप आली. शब्द पूर्ण गेला नाही. अजूनही अधूनमधून येतो. तो आज एका आश्रमात आहे, गोळ्या वेळेवर घेतो, भिक्षेला जातो, मुलांना पाठ देतो. गेल्या वर्षी भेटला तेव्हा मी विचारले, 'अजून बोलते का रे?' तो म्हणाला, 'बोलते की, बाबा. बोलू द्यावे. ऐकणारा मी आहे, बोलणारा मी नाही.'

जीवाच्या स्वरूपाविषयी आम्ही ग्रंथांतून पुष्कळ शिकविले असेल, पण त्याच्या त्या उत्तराने मी स्वतः काही शिकलो. जीव हा भोक्ता आहे. सुख येते, दुःख येते, शब्द येतो. ज्याला ते येते तो त्याहून वेगळा. शब्द भयंकर असला म्हणून जीव भयंकर होत नाही, गोड असला म्हणून जीव सिद्ध होत नाही. व्याधिग्रस्त मन असलेला माणूसही तितकाच जीव आहे, उद्धरणाला तितकाच पात्र आहे. त्याच्या पात्रतेला त्याच्या कानातल्या आवाजाने ना भर पडते, ना उणेपणा येतो. हे मी विशेषतः त्या घरांसाठी लिहितो जेथे असा मुलगा किंवा मुलगी आहे आणि घरचे लोक लज्जेने त्यांना पाहुण्यांपासून दडवितात.

येथे कोणी म्हणेल, श्रीगोविंदप्रभूंची क्रीडा लोकांना वेडासारखी वाटे, मग वेड आणि दिव्यत्व यांत भेद कसा करावा? याचे उत्तर थोडक्यात एवढेच : तो अवताराचा स्वेच्छेने स्वीकारलेला आचार होता, जीवाने त्याची तुलना स्वतःशी करू नये. आणि ती क्रीडाही रिद्धपुराच्या गल्ल्यांत, सर्वांच्या डोळ्यांदेखत झाली. ती पाहणारे होते म्हणून तिचे चरित्र लिहिले गेले.

पत्र लिहिणाऱ्या साधकाला सांगावयाचे ते असे. हाक आली तर दचकू नये, उत्तर देऊ नये, नाम चालू ठेवावे. काही करावयास सांगितले तर ते करू नये, आणि त्याच दिवशी आपल्या गुरूंना किंवा वडील सांगात्याला सांगावे. विजन दोन प्रहरांपुरते असू द्यावे. सायंकाळी मंडळीत येऊन बसावे, पाठ म्हणावा, चारचौघांबरोबर जेवावे. तीन-चार आठवड्यांत शब्द वाढला, झोप मोडली, किंवा स्वतःला वा कोणाला इजा करण्याविषयी एकदाही बोलला, तर स्मरणावर विसंबून न राहता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. एकटे न जाता कोणाला तरी बरोबर न्यावे. बरोबर यावयास कोणी नसेल तर आम्हांस कळवावे, आम्ही येऊ. आणि मार्गात विचारणे बंद केले आहे, ते आजपासून पुन्हा सुरू करावे. हे पत्र लिहिले, तेथून ते सुरू झालेच आहे.