प्रदर्शनासाठी लीक : अभिवृद्धी आणि जोपासना

कांदा व लसूण यांच्या कुळातील लीक ही युरोपात नित्य खाल्ली जाणारी भाजी होय. तिला कांद्यासारखा गड्डा धरत नाही; पानांचे तळभाग एकमेकांवर घट्ट बसून जो जाड, पांढरा दांडा तयार होतो, तोच खाण्याच्या उपयोगी पडतो. इंग्लंडच्या ईशान्येस नॉर्दंबरलँड व डरहॅम या कोळसा खाणींच्या परगण्यांत मात्र या साध्या भाजीला निराळीच प्रतिष्ठा लाभली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथील मद्यगृहांत व पुढे कामगारांच्या क्लबांत लीकची प्रदर्शने भरू लागली. दिवसभर जमिनीखाली राबणारा खाणकामगार उरलेला वेळ भाड्याने घेतलेल्या बागेच्या तुकड्यात घालवी, आणि सप्टेंबरमध्ये त्याच्या वर्षभराच्या श्रमांचा निकाल टेबलावर लागे.

या भागाची खासियत म्हणजे 'पॉट लीक'. याच्या दांड्याची लांबी, सर्वांत खालचे पान जेथे सुटे होते तेथपर्यंत, ६ इंचांहून अधिक चालत नाही. लांबीला अशी मर्यादा असल्याने सारी चुरस जाडीची असते. परीक्षक परीघ व लांबी मोजून घनफळ काढतात. ६ इंच लांब व ९ इंच परिघाच्या लीकचे घनफळ सुमारे ३९ घन इंच भरते. परीघ केवळ एक इंचाने वाढला की ते ४८ च्या घरात जाते. शिवाय लीक एकटे मांडले जात नाही. दोन किंवा तीन नगांचा संच मांडावा लागतो आणि ते जुळ्या भावंडांसारखे दिसावे अशी अपेक्षा असते.

खरी अडचण येथेच आहे. लीकमध्ये परपरागीभवन होत असल्याने बियांपासून केलेली रोपे सारखी निपजत नाहीत. म्हणून मुरब्बी बागाईतदार बियांच्या वाटेला सहसा जात नाही. तो उत्तम लीक निवडून पुन्हा मातीत लावतो. पुढच्या उन्हाळ्यात त्याला कांद्याच्या डेंगळ्यासारखा उंच दांडा व त्यावर फुलांचा गोल गेंद येतो. जुलैच्या सुमारास हा गेंद उमलू लागताच कात्रीने त्यातील कळ्या छाटल्या जातात. बी धरण्याचा मार्ग खुंटला की त्याच गेंदातून गवताच्या पात्यांसारखी इवली रोपे फुटू लागतात. बागाईतदार त्यांना 'गवत'च म्हणतात. लसणाची पाकळी लावावी तसाच हा प्रकार असून प्रत्येक रोप मातृवृक्षाची हुबेहूब प्रत असते. अर्थात मातृरोप रोगट निवडले तर तो दोषही या रोपांबरोबर पुढे जाण्याचा धोका राहतोच.

हिवाळ्यात ही रोपे अलगद सोडवून लहान कुंड्यांत लावतात. तिकडे त्या दिवसांत ऊन फारच थोडे, त्यामुळे काचगृहात ऊब व विजेचा प्रकाश पुरवावा लागतो. वाढीत खंड पडला किंवा थंडीचा तडाखा बसला, तर रोपाला अकाली डेंगळा येतो व ते प्रदर्शनाच्या दृष्टीने बाद ठरते. वसंत ऋतूच्या अखेरीस रोपे कुजलेल्या शेणखताने समृद्ध, उत्तम निचऱ्याच्या वाफ्यांत जातात. दांडा पांढरा राहावा म्हणून त्याभोवती गळपट्टा बांधून प्रकाश अडवितात. पाणी नियमित हवे. ताण देऊन एकदम भरपूर पाणी दिल्यास दांडा तडकतो. तांबेरा व फुलकिडे यांवर नजर ठेवावी लागते ती वेगळीच.

माणसांवरही नजर ठेवावी लागे. प्रदर्शनाच्या तोंडावर रात्री प्रतिस्पर्ध्याचे लीक कापून टाकण्याचे प्रकार या भागात अनेकदा घडले, आणि त्यामुळे कित्येक जण शेवटच्या रात्री वाफ्याशेजारच्या खोपटात जागून काढीत. एका वाराने बक्षीस तर जाईच, पण जपलेला वाणही संपुष्टात येऊ शके.

ॲशिंग्टनची खाण १९८८ मध्ये बंद झाली आणि २००५ मध्ये एलिंग्टनची. नॉर्दंबरलँडमधील ती शेवटची खोल खाण होती. लीकची प्रदर्शने मात्र खाणींबरोबर संपली नाहीत. प्रदर्शन उरकल्यावर लीकचे सार करून क्लबात वाढण्याचा रिवाज आहे. पातेल्यात काय टाकायचे आणि पुन्हा मातीत काय लावायचे, हे मात्र बागाईतदाराने त्याआधीच ठरविलेले असते.