चटणीचा डबा उघडून बघा

मे महिन्यात सदलग्यात आमची वास्तुशांत झाली. चारशे पानं. आचाऱ्याला मी एकदा नव्हे, तीनदा बजावलं होतं: कांदा, लसूण, बटाटा काही नको. निम्मी पानं जैन शेजाऱ्यांची होती. ज्या गावात 1946 साली आचार्य विद्यासागर महाराज जन्मले, तिथं ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आणि आचारी काही परमुलखातला नव्हता, दूधगंगेकाठचाच.

त्याच्या यादीतला लसूण मी स्वतःच्या हातानं खोडला होता. ती यादी अजून माझ्याकडं आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण “मालकांनी सांगितलंच नव्हतं” असं तो आता गावभर बोलत फिरतोय.

आदल्या रात्री तो आलाच नाही. मुहूर्ताचा दिवस, त्यानं दोन कामं धरली होती. आमच्याकडं दोन पोरं पाठवली. पोरं कष्टाळू होती, खोटं कशाला बोलू? खपली रात्रीच भिजत घातली, पहाटे चारला काहील चढवली आणि खीर सुरेख उतरवली.

साडेबाराला पहिली पंगत बसली. वाढायला म्हणून आमटीची बादली उचलली आणि वास आला. वाटीत घेऊन चाखली. लसूणच! मांडवामागं धावलो. तिथं लसणाची एक पाकळी नव्हती. पोराला कन्नडात विचारलं, तो “इल्ला, इल्ला” म्हणून शपथा घेत होता. मग त्याच्यामागं स्टीलचा डबा दिसला. झाकण काढलं. आत लालभडक, तेलकट, गुठळ्या झालेली चटणी. आपल्या भागात नुसतं ‘चटणी’ म्हटलं की तिच्यात कांदा-लसूण कांडलेला असतोच. आचाऱ्यानं घरून तोच डबा दिला होता. वांग्यात तीच, आमटीत तीच. देवाच्या नैवेद्यालाही तीच आमटी गेली होती.

पंगतीत शेजारच्या काकू होत्या. आमचा पाया खणला तेव्हा मजुरांना रोज चहा द्यायच्या, त्या. त्यांनी घास घेतला होता का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. पान तसंच ठेवून उठल्या, “असू दे बाळ,” म्हणाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन घरांतून डाळ आणून गोडं वरण केलं. तोवर पाऊण तास पंगत खोळंबली. फोनवर आचारी म्हणतो कसा, “मालक, त्यात लसूण स्वल्प असतोय. कळत बी नाही. कमी पडलं का काय?”

म्हणून सांगतो, चटणी आपली द्या. मिरची, धणे, जिरे, सुकं खोबरं घेऊन कांडप यंत्रावर सकाळी पहिल्यांदा जा. आधीच्या माणसाची लसणाची चटणी यंत्रात राहिलेली असते. आचाऱ्याचा एकही डबा न उघडता चुलीजवळ जाऊ देऊ नका. विसार देण्याआधी विचारा, त्या तारखेला दुसरं काम आहे का, आणि स्वतः थांबणार का. कागदावर लिहून घ्या. तोंडी शब्दाला किंमत नाही, हे मी चारशे पानांत शिकलो.

आवतण घरटी एक की चूलबंद, हे घरात आधी ठरवा. आमच्यात भावानं एक सांगितलं, मी दुसरं. रात्रीचं जेवण ठेवणार असाल तर दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्यांची पंगत आधी उठवा. पाणी, मांडव, चपलांची जागा हे ज्याचं त्यानं बघावंच. आणि नैवेद्य दाखवून झाला की पंगत बसायच्या आधी घरच्या एकानं पान वाढून घेऊन नीट जेवावं. हे आम्ही केलं असतं तर काकू उठल्या नसत्या.

राहिलेले पैसे मी त्याच संध्याकाळी पैन् पै दिले. आमच्या चुलीपाशी तो माणूस पुन्हा येणार नाही.